पाणी भरणारी पाण्यावर कधी जाणार?

आमच्या अकोटच्या महिला गटात सध्या एका मागणीवरून वाद चालू आहे. तालुक्यातल्या महाविद्यालयांनी मुलींसाठी होडी वल्हवण्याचा प्राथमिक वर्ग सुरू करावा, अशी ती मागणी. त्या वर्गात मुलींना पाण्यावर तरंगायला शिकवावं, एकटीने लहान होडी चालवायला शिकवावं आणि होडी उलटली तर बाहेर कसं यायचं ते शिकवावं. मागणी मी मांडली. पहिल्याच बैठकीत आमची एक ज्येष्ठ कार्यकर्ती म्हणाली, “काय व बाई, आमच्या गावात नळ धा दिवसांआड येते. प्याले पानी नाही, अन् तू पोरीयले डोंग्यात बसवाले निघाली?” सगळ्याजणी हसल्या. हसू ओसरल्यावर मात्र बऱ्याचजणींनी तिचीच री ओढली. हे पुण्या-मुंबईचं फॅड आहे, आपल्याकडे वेळ थोडा, माणसं थोडी, पैसा त्याहून थोडा. हुंडा, मारझोड, दारू, मजुरी, कर्जापायी नवऱ्याने जीव दिला त्या बायांच्या नावावर न चढलेला सातबारा, एवढं सगळं समोर असताना होडी कुठून आली?

प्रश्न रास्त आहे. चळवळीने कशावर शक्ती खर्चावी, हे विचारण्याचा हक्क प्रत्येकीला आहे. म्हणूनच या प्रश्नाचं उत्तर बैठकीतल्या दोन वाक्यांत न देता इथे सविस्तर मांडावं, असं वाटलं.

पाण्याशी आपलं नातं

पाणी हे बाईचं काम आहे, असं कुठे लिहून ठेवलेलं नाही, तरी ते घराघरात सगळ्यांना पाठ आहे. अकोटच्या उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला पूर्णा नदी. पूर्णेच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरलेला आहे. जमिनीखाली पाणी आहे, पण खारं. गोड्या पाण्यासाठी आमच्या आज्या-मावश्यांनी किती पायपीट केली, याचा हिशेब कोणत्याही दप्तरात नाही. पुढे वारी भैरवगडला वान नदीवर धरण झालं. त्या हनुमान सागरातून चौऱ्याऐंशी खेडी योजनेचं पाणी अकोट-तेल्हाऱ्याच्या खेड्यांत आलं. नळ आले, तरी नळावरची रांग बाईचीच राहिली. पाण्यासाठी लढणाऱ्या मृणाल गोरेंना लोकांनी कौतुकाने ‘पाणीवाली बाई’ म्हटलं. घरोघरीची पाणीवाली बाई मात्र अजून कोणाच्या कौतुकात नाही आणि मोजणीतही नाही.

पाण्याशी आपलं दुसरं नातं आहे ते विहिरीचं. मराठीत ‘विहीर जवळ करणं’ असा वाक्प्रचार आहे आणि तो बहुतेक वेळा सासुरवाशिणीबद्दलच वापरला जातो. पोलिसांच्या कागदात अकस्मात मृत्यूची नोंद होते. ती पडली, तिने उडी घेतली की तिला ढकललं, हे सांगायला ती उरलेली नसते. १९८३ साली ४९८-अ कलम आलं, १९८६ साली हुंडाबळीचं ३०४-ब आलं. आता ती भारतीय न्याय संहितेत ८५ आणि ८० या आकड्यांनी आहेत. या कायद्यांसाठी बायका रस्त्यावर उतरल्या, कारण विहिरीतलं प्रत्येक प्रेत ‘पाय घसरून’ गेलेलं नसतं, हे आपल्याला ठाऊक होतं. पोहता आलं म्हणून घरातला छळ थांबत नाही आणि जगण्याची इच्छाच कोणी हिरावून घेतली असेल तर होडीचा वर्ग तिला पुरा पडणार नाही. तसा दावा मी करत नाही.

पण जिचा खरोखरच पाय घसरतो तिचं काय? २०१६ साली राज्यात ‘मागेल त्याला शेततळे’ योजना सुरू झाली आणि शेताशेतांत तळी झाली. खारपाणपट्ट्यात तर पावसाचं पाणी साठवणं हाच मोठा आधार. पण या तळ्यांच्या तळाला आणि काठांना गुळगुळीत प्लॅस्टिक अंथरलेलं असतं. आत पडलेल्या माणसाला वर यायला हाताला काही लागत नाही. लेकरू पडलं म्हणून आई धावते, आई बुडते म्हणून जाऊ उतरते. वर्तमानपत्रात अशा बातम्या आपण वाचतो आणि पान उलटतो.

तिसरं नातं मजुरीचं. २०२४ च्या जानेवारीत गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शी तालुक्यात वैनगंगेत नाव उलटली आणि सहा शेतमजूर बाया बुडाल्या. नदीपलीकडच्या शेतांत मिरची तोडायला त्या निघाल्या होत्या. त्याआधी, १४ सप्टेंबर २०२१ रोजी आपल्याच अमरावती जिल्ह्यात, वरूड तालुक्यातल्या झुंजला वर्धा नदीत नाव बुडून एका कुटुंबाची अकरा माणसं गेली. दिवसकार्यासाठी जमलेली माणसं होती ती. अशा प्रत्येक दुर्घटनेनंतर नाव जुनी होती का, माणसं जास्त होती का, याची चौकशी होते आणि ती झालीच पाहिजे. पण नावेत बसणाऱ्या बाईला पाण्यात पडल्यावर काय करायचं, हे आयुष्यात कधी कोणी शिकवलं होतं का, हा प्रश्न चौकशीत येत नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. जगभरात बुडून मरणाऱ्यांत पुरुषांची संख्या जास्त आहे, कारण पाण्यात तेच जास्त उतरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२३ साली सुमारे तीन लाख माणसं बुडून मेली. म्हणजे आकड्यांनी पाहिलं तर हा फक्त बायकांचा प्रश्न नाही. पण जेव्हा पाणी स्वतःहून घरात येतं, तेव्हा चित्र बदलतं. २००४ च्या सुनामीनंतर ऑक्सफॅम संस्थेने पाहणी केली, तेव्हा तामिळनाडूच्या कडलूर जिल्ह्यात पुरुषांच्या जवळजवळ तिप्पट बायका दगावल्याचं दिसलं. बायका किनाऱ्यावर आणि घरात होत्या, कडेवर लेकरं होती, अंगावर साड्या होत्या आणि पोहणं त्यांना कोणी शिकवलेलं नव्हतं. मुलगे लहानपणी नदीत डुंबून पोहायला शिकले होते. मुली काठावर कपडे धूत होत्या.

त्या वर्गात काय शिकवतात?

असा वर्ग मी स्वतः केलेला आहे म्हणून हे अधिकाराने सांगते. शिक्षणासाठी बाहेरगावी होते, तेव्हा महाविद्यालयाने नवशिक्या मुलींसाठी दहा दिवसांचा कयाकचा वर्ग घेतला होता. अर्जावर पालक म्हणून वडिलांचीच सही लागेल, आईची चालणार नाही, असं कार्यालयात सांगितलं गेलं. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. सरकार निवडायला माझं मत चालत होतं, होडीत बसायला माझी सही चालत नव्हती. मुलांच्या वर्गाला तो कागदच नव्हता. आम्ही चौघींनी मिळून तक्रार केली, तेव्हा आईची सही चालू लागली. आमची स्वतःची सही मात्र शेवटपर्यंत चालली नाही.

घरून पत्र आलं, काळी पडशील. मैत्रिणी म्हणाल्या, खांदे पुरुषासारखे होतील. यांपैकी एकीनेही ‘बुडशील’ म्हटलं नाही, हे मला नंतर जाणवलं. मुलीचा जीव जाईल या भीतीपेक्षा मुलीचं स्थळ जाईल ही भीती किती मोठी आहे!

कयाक म्हणजे एका माणसापुरती अरुंद होडी. पाय पुढे पसरून बसायचं आणि हातात दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं धरायचं. शर्यतीच्या मोठ्या नौकांमध्ये वल्हवणाऱ्याची पाठ दिशेकडे असते. कयाकमध्ये आपण जिकडे चाललो तिकडेच तोंड असतं. पहिला दिवस जमिनीवर गेला. लाइफ जॅकेट कसं घालायचं, पट्टे कसे आवळायचे, मग मैत्रिणीने खांद्याशी धरून वर ओढायचं आणि ते कानापर्यंत सरकलं तर पुन्हा आवळायचं. सैल जॅकेट पाण्यात अंगातून निघून जातं, हे त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी पाण्यात उतरलो. होडी चालवायला शिकवतील असं वाटलं होतं, पण शिकवलं उलटायला. छातीभर पाण्यात बाईंनी एकेकीची होडी मुद्दाम पालथी केली. श्वास रोखायचा, घाबरून हातपाय मारायचे नाहीत, दोन्ही हात होडीच्या काठाला लावून सलवार उतरवावी तशी होडी अंगावरून मागे ढकलायची आणि वर यायचं. वर आल्यावर होडी सोडायची नाही, कारण पालथी होडीसुद्धा तरंगते. काठ जवळ दिसतो म्हणून होडी सोडून निघालेलं माणूस वाटेत दमतं. नावेत एकाच बाजूला सगळ्यांनी उठून उभं राहायचं नाही. कोणी बुडत असेल तर आधी काठी पुढे करायची, काठी पोचत नसेल तर दोर किंवा हवा भरलेली ट्यूब फेकायची. स्वतः उडी मारणं अगदी शेवटी, आणि तेही ते शिकलेल्या माणसानेच. ही पाच-सहा वाक्यं शिकायला दोन सकाळी लागल्या. शेततळ्याच्या काठावरच्या आणि नावेतून मजुरीला जाणाऱ्या प्रत्येक बाईला ती ठाऊक असायला हवीत.

चौथ्या दिवशी वल्हं हाती आलं. सगळ्यांनी दंडाचा जोर लावला आणि अर्ध्या तासात हात गळून गेले. मग बाईंनी सांगितलं, जोर दंडात नसतो, कमरेपासून खांद्यापर्यंत सगळं अंग वळवायचं, वरच्या हाताने ढकलायचं, खालच्या हाताने नुसतं धरायचं. आमच्यातली एक मुलगी खेड्यात जात्यावर दळलेली होती. तिला हे दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. तिची होडी सरळ गेली, आमच्या गोल फिरत राहिल्या. दळणं, पाखडणं, घागर उचलणं यांत अंग कसं वापरायचं, याचं जे ज्ञान बाईजवळ असतं त्याला कोणी ज्ञान म्हणत नाही. त्या दिवशी त्याच ज्ञानाने ती वर्गात पहिली आली.

आणि एक गोष्ट. कयाकमध्ये एकटीला बसावं लागतं. डावीकडे जायचं की उजवीकडे, थांबायचं की पुढे जायचं, हे दुसरं कोणी ठरवत नाही. सतत कोणाच्या तरी सोबतीने, कोणाच्या तरी परवानगीने वावरलेल्या मुलीला हा अनुभव आधी घाबरवतो. तीन-चार दिवसांनी तिला तो हवासा वाटू लागतो. आत्मविश्वास वाढवा, असं व्याख्यान देऊन हे होत नाही. आपण मुलींसाठी एवढी शिबिरं घेतो, त्यांत सगळा कार्यक्रम सतरंजीवर बसून ऐकण्याचा असतो, याचाही विचार करायला हवा.

वल्हं कोणाच्या हाती?

महाराष्ट्रात महाविद्यालयीन नौकानयन नवीन नाही. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब १९२८ सालचा आहे आणि तिथला रेगाटा पुणेकर पिढ्यान्‌पिढ्या पाहत आले आहेत. आज त्यात मुलीही असतात. पण ज्या शहरात नदीकाठी महाविद्यालय आणि महाविद्यालयाला जुनी परंपरा, तिथे हे झालं. दुष्काळी गावातल्या मुलांना पाण्याचा खेळ जमेल का, असं कोणी विचारलं तर उत्तर दत्तू भोकनळ या नावात आहे. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा हा मुलगा. गाव पाण्यासाठी तरसणारं, घरची मजुरी. २०१२ साली तो लष्करात गेला, तिथे पहिल्यांदा नौका पाहिली आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी नौकानयनात तेरावा आला. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नौकेत त्याने सुवर्णपदक मिळवलं.

दत्तूचा मला अभिमान आहे. पण त्याच्याच गल्लीतल्या, तितक्याच चिवट मुलीचं काय झालं असतं? २०१२ साली शिपाई म्हणून लष्कराचं दार तिला उघडं नव्हतं. गावात पाणी नव्हतं आणि महाविद्यालयात वर्ग नव्हता. म्हणजे गरीब घरातल्या मुलाला जी एक फट सापडली, ती मुलीला नव्हती. महाविद्यालयातल्या वर्गाची मागणी म्हणूनच महत्त्वाची आहे. महाविद्यालय ही एकच जागा अशी आहे, जिथे खेड्यातली मुलगी एसटीच्या पासवर रोज घराबाहेर येते आणि तिच्या येण्याला घरच्यांची मान्यता असते.

बाहेरच्या जगातही हे सहज मिळालेलं नाही. ऑलिंपिकमध्ये कयाक आणि कनू या शर्यती पुरुषांसाठी १९३६ साली सुरू झाल्या. बायकांना १९४८ साली फक्त कयाक मिळाली. कनूमध्ये एका गुडघ्यावर बसून एकाच बाजूने वल्हवायचं असतं. त्याने बाईच्या गर्भाशयाला इजा होते, असा समज कित्येक वर्षं पसरवलेला होता. बायकांची कनू ऑलिंपिकमध्ये आली ती २०२१ साली झालेल्या टोकियोच्या स्पर्धेत. पुरुषांनंतर पंच्याऐंशी वर्षांनी! शेतात आठ-आठ तास वाकून निंदणाऱ्या बाईच्या गर्भाशयाची काळजी कोणत्याही समितीने केल्याचं ऐकिवात नाही.

त्याच वर्षी टोकियोच्या पॅरालिंपिकमध्ये मध्य प्रदेशातल्या ग्वाल्हेरची प्राची यादव ही पॅरा-कनूच्या अंतिम फेरीत पोचली आणि आठवी आली. तिच्या दोन्ही पायांत बळ नाही. आधी ती पोहत होती, मग भोपाळला वल्हवायला शिकली. २०२३ साली हांगझोच्या आशियाई पॅरा स्पर्धेत तिने एक सुवर्ण आणि एक रौप्य मिळवलं. ज्या मुलीला जमिनीवर दुसऱ्याचा आधार लागतो तिला पाण्यावर लागत नाही, ही गोष्ट अपंग मुलींच्या पालकांपर्यंत आपण पोचवली पाहिजे.

इथे जातीचा मुद्दाही टाळता येणार नाही. आपल्याकडे ज्यांच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या वल्हं आहे ते भोई आणि ढीवर. त्यांच्या कामाला कधी कोणी ‘स्पोर्ट’ म्हटलं नाही. तेच वल्हं फायबरचं झालं आणि शहरी मुलांच्या हाती आलं की त्याला प्रतिष्ठा येते. त्या समाजातही बहुतेक ठिकाणी डोंगा पुरुषाचा आणि बाजारात मासे विकणं बाईचं. शिवाय पाण्याला कोणी हात लावायचा, हा प्रश्न या देशात साधा नाही. त्यासाठी २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला. तेव्हा वर्ग सुरू झालाच तर त्यात कोणत्या वस्तीतल्या मुली आहेत, फी कोणाला परवडते, हे आपल्याला डोळ्यांत तेल घालून पाहावं लागेल.

अडचणी खऱ्या आहेत, पण सुटण्याजोग्या

कपड्यांची अडचण पहिली. पोहण्याचा पोशाख घालावाच लागेल, असं मुळीच नाही. अंगाबरोबर बसणारा पूर्ण बाह्यांचा सदरा, नाडी पक्की बांधलेला लेगिंग आणि वर जॅकेट एवढं पुरतं. डोकं झाकणाऱ्या मुलींना घट्ट बसणारी टोपी चालते. ओढणी मात्र नको, ती वल्ह्यात आणि गळ्यात अडकते. लाजेबद्दल बोलायचं तर एक घटना सांगते. २०२० साली तामिळनाडूच्या पेरांबलूर जिल्ह्यात तीन बायांनी बुडणारी मुलं पाहिली आणि क्षणाचाही विचार न करता अंगावरच्या साड्या सोडून पाण्यात फेकल्या. चारांपैकी दोन तरुण त्या साड्यांना धरून काठावर आले. कोणती लाज केव्हा ठेवायची, हे त्या तिघींना चांगलं कळत होतं.

पाळीची अडचण दुसरी. त्या दिवसांत मुलीने उतरायचं की नाही, ते तिने ठरवावं. तिची हजेरी कापली जाऊ नये आणि कारण चारचौघांत विचारलं जाऊ नये. कपडे बदलायला बंद खोली आणि स्वच्छतागृह नसेल तर वर्ग सुरू करू नये, इतका हा मुद्दा पक्का हवा.

पाणी कुठे आहे, हा तिसरा प्रश्न. पहिले दोन-तीन धडे छातीभर पाण्याच्या जलतरण तलावात होतात. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभं आहे, तिथे जलतरण तलाव आहे आणि शारीरिक शिक्षणाचं महाविद्यालय आहे. विदर्भात खेळ शिकवायला माणसं नाहीत, असं म्हणता येणार नाही. पुढचे धडे धरणाच्या पाण्यावर घेता येतील. अकोटजवळ पोपटखेडचं धरण आहे, जिल्ह्यात इतरही तलाव आहेत. जलसंपदा विभागाची आणि गरज असेल तिथे वनविभागाची परवानगी घ्यावी लागेल. कयाकला यंत्र नाही, तेल नाही, त्यामुळे पिण्याचं पाणी खराब होत नाही. पावसाळ्यात पूर असतो आणि उन्हाळ्यात पाणी आटतं, म्हणून दिवाळी ते फेब्रुवारी हा वर्गाचा काळ.

पैशाचा प्रश्न चौथा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे आता राज्यातल्या पदवी अभ्यासक्रमांत क्रीडा, योग, एनएसएस, एनसीसी यांसारख्या सह-अभ्यासक्रमांना श्रेयांक आहेत. त्यांत हा वर्ग बसवता येतो. प्रत्येक महाविद्यालयाने होड्या घ्याव्यात, असं नाही. तालुक्यातल्या तीन-चार महाविद्यालयांनी मिळून आठ-दहा होड्या घेतल्या आणि पाळीपाळीने वापरल्या तरी चालेल.

आमच्या मागण्या

१) पदवीच्या पहिल्या वर्षी मुलींसाठी दहा दिवसांचा वर्ग असावा. त्यात तरंगणं, होडी वल्हवणं, उलटल्यावर बाहेर येणं आणि दुसऱ्याला काठावरून वाचवणं, हे चारही विषय असावेत.

२) अठरा वर्षांपुढच्या मुलीची स्वतःची सही पुरेशी मानावी. वैद्यकीय तपासणी मुलामुलींना सारखीच असावी.

३) प्रशिक्षकांत निदान एक बाई असावी. भोई आणि ढीवर समाजातल्या जाणत्या स्त्री-पुरुषांना मानधन देऊन शिकवायला बोलवावं.

४) लाइफ जॅकेट मुलींच्या मापाची आणि पुरेशा संख्येने हवीत. जॅकेट नसेल तर होडीत पाऊल नाही.

५) वर्ग मोफत असावा. शेतमजूर घरातल्या मुलींना त्या दिवसांचं एसटीचं भाडं आणि नाश्ता मिळावा.

६) महाविद्यालयाबाहेरच्या बायांसाठी वर्षातून एक दिवस शेततळ्याच्या काठावर प्रात्यक्षिक व्हावं. प्रत्येक शेततळ्यावर दोर आणि ट्यूब ठेवणं ग्रामपंचायतीने बंधनकारक करावं.

८ मार्चला महाविद्यालयांत मेहंदी, रांगोळी आणि पाककृतीच्या स्पर्धा होतात. त्या खर्चातून सुरुवातीची जॅकेटं सहज येतील.

आता पुन्हा आमच्या ज्येष्ठ मैत्रिणीच्या प्रश्नाकडे वळते. प्यायला पाणी नसताना होडी कशाला? मला वाटतं, या दोन मागण्या एकमेकींच्या आड येत नाहीत. पाणी भरण्याचं ओझं बाईच्या डोक्यावरून उतरलं पाहिजे आणि ते उतरवण्याची लढाई चालूच राहील. पण बाईला पाणी फक्त डोक्यावर आणि मरणातच भेटावं, ही वाटणी ज्या व्यवस्थेने केली, तिच्याकडे आपण फक्त नळ मागत राहिलो तर वाटणी तीच राहते. धरण बांधलं जातं तेव्हा त्याच्यासाठी जमीन जाते ती घरादाराची, त्यावर कर भरते ती सगळी प्रजा. मग त्याच पाण्यावर आपली मुलगी तास-दोन तास स्वतःच्या मर्जीने जाऊ म्हणते, तर ते चैन कसं होतं? मुलग्याच्या क्रिकेटच्या मैदानाला आजवर कोणी चैन म्हटलेलं नाही.

२५ जुलै हा दिवस बुडून होणारे मृत्यू रोखण्यासाठी पाळावा, असं संयुक्त राष्ट्रांनी २०२१ साली ठरवलं. येत्या २५ जुलैला आम्ही अकोट तालुक्यातल्या प्राचार्यांना हे निवेदन देणार आहोत. मैत्रिणींनो, त्याआधी तुमच्या गटाच्या बैठकीत तीन प्रश्न विचारा. इथल्या किती जणींना दोन मिनिटं पाण्यावर तरंगता येतं? किती जणी नावेतून किंवा पाण्यातून वाट काढत कामाला जातात? तुमच्या गावात गेल्या पाच वर्षांत किती बाया आणि लेकरं विहिरीत, नदीत, शेततळ्यात गेली? उत्तरं गावाच्या नावासह लिहून पाठवा. बायांची नावं नकोत, संख्या पुरे. निवेदनासोबत आम्हाला ती जोडायची आहेत.